पुंगळी मागे येते, पण पूर्ण नाही

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. तिथं असो वा आणखी कुठं, पोलिसांच्या गोळीबार सरावानंतर एक काम टळत नाही. जमिनीवर पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, मोजायच्या आणि जेवढी काडतुसं दिली होती तेवढ्यांचा हिशेब लावून जमा करायच्या. अशा ढिगातली एक पुंगळी व्हर्नियरच्या जबड्यात धरून मोजली आणि तिच्याच जातीच्या कोऱ्या काडतुसाची पुंगळी शेजारी मोजली, तर दोन्हींत फरक निघतो. झाडलेली पुंगळी किंचित जाड झालेली असते. मिलिमीटरचा दहावा-विसावा हिस्सा, जास्त नाही. डोळ्यांना तो कळत नाही, बोटांनाही नाही. पण या नखाएवढ्याही नसलेल्या फरकात पितळ या धातूचा सगळा स्वभाव आहे. बंदुकीत गोळीमागचा वायू अडतो तो त्याच्यामुळे, साच्यात पुंगळी अडकते ती त्याच्यामुळे, आणि पूर्वी हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये पावसाळ्यात काडतुसं आपोआप तडकायची तीही त्याच्यामुळेच.

अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात अनेक नेमबाज आणि शिकारी या पुंगळ्या टाकून देत नाहीत, पुन्हा भरतात. त्यातली एक महत्त्वाची पायरी म्हणजे फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मूळ मापावर आणणं. हातानं चालवायचा एक छोटा प्रेस असतो. वर डाय बसवलेली, खाली पुंगळीच्या बुडाची कड पकडणारा खाचेचा होल्डर. दांडा ओढला की पुंगळी डायमध्ये शिरते, दांडा उलटा नेला की बाहेर येते. निदान यायला हवी. कधी कधी दांडा अर्ध्यावरच थांबतो. माणूस चिडून जोर लावतो, खाट्‌कन आवाज होतो आणि होल्डर बुडाची कड फाडून एकटाच खाली येतो. पुंगळी डायमध्ये तशीच रुतलेली राहते. हे इतकं नेहमीचं आहे की अडकलेली पुंगळी काढायच्या हत्यारांचे तयार संच तिकडे दुकानात मिळतात.

आपल्याकडे हा घरगुती छंद नाही, आणि तो तसा करूनही चालणार नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. त्याच कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या काडतुसापाशी थांबत नाही; त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही तिच्यात येतात. आपल्या नामवंत नेमबाजांना या उद्योगाची गरजही पडली नाही. 2010 साली म्युनिकला 50 मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, दोघांच्याही प्रकारात पॉइंट बावीसची काडतुसं लागतात. त्यांत आघातानं पेटणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेतच भरलेला असतो. घोड्याची चोच त्या कडेवर आदळते, कड चेपते, मसाला संपतो. ती पुंगळी दुसऱ्यांदा कामाला येत नाही. तेव्हा अडकलेल्या पुंगळीचा प्रश्न आपल्यासाठी हत्यार चालवण्याचा नाही, समजून घेण्याचा आहे. आणि समजून घेण्यासारखं त्यात पुष्कळ आहे.

सुरुवात धातूपासून करू. काडतुसाच्या पितळेत ढोबळमानानं 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त असतं. सहसा एखाद्या धातूत दुसरा धातू मिसळून तो कणखर केला की त्याची ताणली जायची तयारी कमी होते. एक मिळवलं की दुसरं गमवावं लागतं. तांब्यात जस्त घालत गेलं की तसं होत नाही. तीस टक्क्यांपर्यंत मिश्रण कणखरही होत जातं आणि जास्त ताणलंही जाऊ लागतं. मऊ केलेली 70:30 पितळेची पट्टी तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या साठ टक्क्यांहून अधिक लांबू शकते. याचं कारण अणूंच्या रचनेत आहे. धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण अख्खा थर एकदम हलत नाही. रचनेतला एक दोष, एक चुकलेली ओळ, थरातून पुढं पुढं सरकत जाते. पितळेत जस्तामुळे या चुकलेल्या ओळी रुंद पसरतात आणि आपला थर सोडून शेजारच्या थरात त्यांना सहज जाता येत नाही. त्या एकमेकींत गुंततात. जिथं धातू जास्त ताणला गेला तिथं गुंता वाढतो आणि ती जागा कडक होते. मग पुढचं ताणणं आपोआप शेजारच्या मऊ जागेकडे वळतं. म्हणूनच पितळ एका ठिकाणी पातळ होऊन फाटत नाही, सगळीकडे सारखं पसरतं. कारागिरानं मनात योजून करावं अशी ही वाटणी धातू स्वतःच करत असतो. मला यापुढं थबकल्याशिवाय जाता येत नाही.

आता बार उडतो त्या क्षणाकडे पाहू. सैन्याच्या 7.62 मिलिमीटर रायफलीत दारू पेटली की पुंगळीच्या आत चार हजार वातावरणांच्या आसपास दाब तयार होतो. पुंगळीची मान कागदी पुठ्ठ्याएवढी पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. एवढ्या दाबापुढं ती एकटी काहीच नाही. ती फुगते आणि नळीच्या पोलादी कोठीच्या भिंतीला जाऊन चिकटते. आता दाब पेलायला पोलाद आहे, आणि पितळेनं भिंतीला टेकून वायूची मागची वाट बंद केली आहे. बंदूकधाऱ्याच्या डोळ्यांकडे ज्वाळा येत नाही ती या क्षणभराच्या बुचामुळे. गोळी नळीतून निघून जाते, दाब उतरतो आणि पुंगळी भिंतीपासून सुटते.

ती सुटते का, याचा हिशेब सोपा आहे आणि करून पाहण्यासारखा आहे. कडक पितळ ताण सोडल्यावर साधारण हजारात चार भाग मागे येतं. पुंगळीचा बुडाजवळचा व्यास बारा मिलिमीटर धरला, तर ती मागे येते जेमतेम मिलिमीटरचा विसावा हिस्सा. तेवढी फट पुरते. पुंगळी बाहेर ओढता येते. पण हेच पितळ तापवून मऊ केलेलं असतं तर ते हजारात एखादाच भाग मागे आलं असतं, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. दरम्यान कोठीचं पोलादही दाबानं किंचित फुगलेलं असतं आणि तेही मागे येतं, ते मात्र पुरतं. मऊ पितळ मागे राहिलं आणि पोलाद त्याच्यावर येऊन बसलं की पुंगळी पकडीत सापडलीच. म्हणून काडतुसाचं बूड कडक ठेवावं लागतं. तोंड मात्र मऊ असतं, ते का ते पुढं येईलच. एकाच तुकड्यात, पाच सेंटिमीटरच्या अंतरात, दोन स्वभावांचं पितळ असतं.

डायमध्ये सगळं उलटं घडतं. इथं पुंगळीला फुगवायचं नसतं, आवळायचं असतं. आणि जे पितळ फुगल्यावर आत यायला बघतं तेच आवळल्यावर बाहेर यायला बघतं. डायमध्ये असेपर्यंत पुंगळी चहूबाजूंनी पोलादाला रेटत असते. दोन्हींमध्ये वंगणाचा पातळ थर असेल तोवर ठीक. तो एखाद्या ठिकाणी फाटला की पितळेचे सूक्ष्म उंचवटे पोलादाच्या उंचवट्यांना उघडे भिडतात. त्या टोकांवरचा दाब इतका असतो की धातू धातूला न तापवता सांधला जातो. दांडा पुढं रेटला की हे सांधे तुटतात, पण तुटताना पितळेचे कण डायच्या भिंतीवर सोडून जातात. पुढची पुंगळी त्या कणांवर ओरखडते, आणखी कण सोडते, आणि एखादी शेवटी रुततेच. त्यामुळे अडकलेल्या पुंगळीची खरी चूक बहुधा तिच्या आधीच्या पुंगळ्यांबरोबर घडलेली असते. ओरखडे दिसू लागले की डाय पुसून साफ करायची वेळ झाली, हे अनुभवी माणूस ओळखतो.

जिथं घट्टपणा सर्वांत जास्त, ती जागा बुडाजवळची. तिथं भिंत जाड असते, पितळ कडक असतं आणि डायमध्ये ती शेवटी शिरते. नवशिका वंगण मानेला लावतो, कारण डोळ्यांना निमुळती जागा अवघड वाटते. लावायला हवं ते खाली, अंगाला. हातातून न निघणारी बांगडी काढताना साबण मनगटाला नाही तर हाडाजवळच्या रुंद भागाला लावतात, तसंच हे. वंगणासाठी जगभर पसंती आहे ती लॅनोलिनला, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या मेणचट चरबीला. साधं पातळ तेल एवढ्या दाबाखाली बाजूला पळतं. लॅनोलिन धातूला धरून राहतं. पण जास्त लावूनही भागत नाही. डायच्या आत खांद्यापाशी वंगण साठलं की त्याला जायला जागा नसते. द्रव दबत नाही, मग दबतं ते पितळ. खांद्यावर गुळगुळीत खळगा पडतो. एका थेंबानं धातूला खळगा पाडावा, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

रुतलेली पुंगळी निघते कशी? जोरानं ओढून नाही, कारण धरायची कड आधीच फाटलेली असते. आधी ती रिकामी असल्याची, तिच्यात दारू किंवा पेटवणारी टोपी उरली नसल्याची खात्री करायची. मग बुडाला मधोमध भोक पाडायचं, त्यात टॅपनं आटे पाडायचे, वरून एक पोकळ टेकू ठेवायचा आणि त्यातून बोल्ट आत फिरवत जायचा. बोल्ट फिरतो, पुंगळी केसाकेसानं बाहेर येते. हाताचा झटका जे करू शकत नाही ते स्क्रूचा आटा शांतपणे करतो. काही जण डाय फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला देतात. पितळ पोलादापेक्षा जास्त आकसतं हे खरं. पण तीस अंशांवरून उणे अठरापर्यंत नेलं तरी बारा मिलिमीटर व्यासावर दोन्हींतला फरक मिलिमीटरच्या पाच हजारांशांएवढाच पडतो, आणि पितळेचा उलटा रेटा याच्या कितीतरी पट असतो. नुसतीच टेकलेली पुंगळी त्यानं सुटेल. खरी रुतलेली सुटणार नाही.

बुडाची कड फाटून पुंगळी आत राहण्याचा हा प्रकार एकेकाळी जिवावर बेतला आहे. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्‍री बंदुकीची काडतुसं सुरुवातीला पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती, त्याला खाली वेगळी चकती जोडलेली. 17 जानेवारी 1885 ला सुदानमध्ये अबू क्लिआच्या लढाईत तापलेल्या, वाळूनं भरलेल्या बंदुकांमध्ये ही काडतुसं अडकली. काढायला गेलं की चकती निघून हातात यायची आणि पत्रा कोठीत राहायचा. त्यानंतर अखंड पितळेतून ओढून काढलेल्या पुंगळ्यांकडे ब्रिटिशांनी वेगानं मोर्चा वळवला.

अखंड पितळेतून पुंगळी ओढणं हे काम महाराष्ट्रात जुनं आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. जळगाव जिल्ह्यात वरणगावला 1964 मध्ये दुसरा उभा राहिला. 2021 पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. पुंगळी बनते ती अशी. पट्टीतून चकती कापायची, चकतीची वाटी करायची, वाटी ठोशानं डायमधून पार ढकलून लांब आणि पातळ नळी करायची. एका ओढीत हे होत नाही. एका ओढीनंतर पितळ इतकं कडक होतं की पुढच्या ओढीत फाटेल. म्हणून मध्ये भट्टी येते. पितळ तापलं की आतल्या गुंतलेल्या ओळी विरतात, नवे स्वच्छ स्फटिक उगवतात आणि धातू पुन्हा पहिल्यासारखा मऊ होतो. ओढा, तापवा, आम्लात धुवा, साबणपाण्यात भिजवा, पुन्हा ओढा. शेवटी बुडावर जबर दाब देऊन ते कडक करायचं, आणि तोंडाला हलकी आंच देऊन ते मऊ. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीखाली हंडाही याच क्रमानं घडतो. तांबटाचा हात ठोक्यांच्या आवाजावरून ओळखतो की भांडं आता कडक झालं, आता आगटीत घालायला हवं. अणूंची चित्रं काढता येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून हे ज्ञान त्या हातांत आहे, आणि मी ते कारखान्यातल्या ज्ञानापेक्षा तसूभरही कमी मानत नाही.

तोंडाला शेवटी आंच का द्यायची, या प्रश्नाचं उत्तर हिंगोलीसारख्या गावांकडे घेऊन येतं. हिंगोली ही निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी होती. 1853 च्या निजाम-इंग्रज तहानंतर ज्या फौजेला हैदराबाद कंटिंजंट म्हटलं जाऊ लागलं तिचं ते एक ठाणं. 1903 मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. घोडदळ, तबेले आणि पावसाळा, हे तिन्ही एका ठिकाणी असलेल्या अशा छावण्या हिंदुस्थानभर होत्या. आणि त्या काळात ब्रिटिशांना एका गोष्टीनं कोड्यात टाकलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या, काडतुसं तबेल्यांत साठवून ठेवली जायची, आणि पाऊस सरल्यावर पाहावं तर पुंगळ्यांच्या मानांना उभे तडे गेलेले. कुणी हात लावलेला नाही, बार झालेला नाही, गंजही फारसा दिसत नाही. ऋतूबरोबर येणारे तडे म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूचंच नाव पडलं.

उलगडा पक्का झाला तो 1921 मध्ये, मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तीन इंग्रज संशोधकांच्या अभ्यासानं. दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, पितळेत आतल्या आत साठलेला ताण. गोळी मानेत घट्ट बसवलेली असते, मान तिला आवळून असते, म्हणजे मानेचं पितळ सतत ताणलेलं. पूर्ण मागे येऊ न शकलेल्या पितळेचा हा उरलेला हिशेब. दुसरी गोष्ट अमोनिया. घोड्यांच्या मुतातून तो तबेल्यात तयार होत राहतो, पावसाळी दमट हवेत पितळेवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि स्फटिकांच्या सांध्यांसांध्यांतून तांबं सोडवत आत शिरतो. नुसता ताण असता तर पितळ वर्षानुवर्षं टिकलं असतं. नुसता अमोनिया असता तर वरवर डाग पडले असते. दोघं भेटले की तडा. पितळेत असा ताण लपलाय का हे ओळखायची एक जुनी चाचणी आहे: वस्तू मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ताण असेल तर थोड्याच वेळात डोळ्यांदेखत चीर उमटते. रसायन विषारी आहे, प्रयोगशाळेबाहेर करून पाहायची गोष्ट नाही.

उपाय निघाला तो आंचेचा. मानेला बेताची उष्णता दिली की ताण उतरतो आणि बूड मात्र कडकच राहतं. लष्करी काडतुसाच्या मानेजवळ निळसर-तपकिरी झाक कधी कधी दिसते, ती या आंचेची खूण आहे. तिला मळ समजून घासायचं नसतं.

अमोनिया आणि पितळ यांची भेट आपल्या अंगणातही व्हायची. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवून त्यात नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर उठतो आणि नाकात झणका जातो. नवसागर तापला की अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतात. दुसरा पितळेवरचा काळा थर खातो आणि उघड्या पडलेल्या धातूवर कथील धरतं. भांडं तडकत नाही, कारण ते कोरडं आणि तापलेलं असतं, आणि अमोनिया क्षणभरात उडून जातो. छावणीतल्या तबेल्यात तो महिनोन्‌महिने ओल्या पितळेवर बसून होता.

पट्ट्याचं बक्कल ब्रासोसारख्या अमोनिया असलेल्या पॉलिशनं चमकवायची सवय पोलिसांत आणि लष्करात जुनी आहे. बक्कल जाड असतं, त्याला काही होत नाही. पण पातळ पत्र्याचं, ठोकून किंवा ओढून घडवलेलं जुनं पितळी भांडं घरात असेल तर त्याला अमोनियाचं काहीही लावू नका, काच पुसायचं फवाऱ्याचं पाणीसुद्धा नको. चिंच आणि राख पुरेशी आहे. आणि हिंगोली, जालना, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), अंबाजोगाई अशा जुन्या छावण्यांच्या गावांत पाया खणताना एखादं हिरवं पडलेलं काडतूस हाती लागलं तर ते घासू नका, उघडू नका, खिशातही घालू नका. मान तडकलेली असली तरी आतली दारू आणि बुडाची टोपी जिवंत असू शकते. ते आहे तिथं राहू द्या आणि पोलीस ठाण्याला कळवा.